वेटिंग रूमसाठी एक आई

घारीला सातवा महिना लागला होता, तेव्हा तिच्या डॉक्टरीणबाईंनी तिला चित्राचं काम सांगितलं. तपासणी झाली होती, घारी टेबलावरून उतरून पायाने चपला चाचपत होती, आणि डॉक्टर हात धुता धुता म्हणाल्या, "आमची नवी वेटिंग रूम होतेय. समोरची अख्खी भिंत मोकळी आहे. तिथे मला आई आणि मूल हवंय. काढशील?"

"कसं हवंय?"

"कसं म्हणजे काय? छान हवंय. बाई दारातून आत आली की तिला बरं वाटलं पाहिजे."

घारी हे तिचं शाळेपासूनचं नाव. डोळे घारे म्हणून वर्गातल्या मुलींनी ठेवलं, ते चिकटलं, आणि पुढे चित्रांखाली सही करतानाही तिने तेच ठेवलं. ती बायकांची चित्रं काढायची. तिकीटखिडकीमागची बाई, क्रेन चालवणारी बाई, नवऱ्याच्या साहेबांसमोर दोन तास हसत बसलेली बाई. प्रदर्शनाच्या पत्रकांत लोक त्यावर मोठमोठं लिहीत. स्त्रीची ओळख, समाजाच्या अपेक्षा आणि असं बरंच. घारीला कुणी विचारलं तर ती म्हणे, "बाई असते एक आणि तिला दिसावं लागतं दुसरंच. मधली फट सापडली की माझं काम झालं."

डॉक्टरांना क्रेनवाली बाई आवडली होती. घारीने होकार दिला. मॉडेल तर घरीच येणार आहे, असं नवरा म्हणाला. दोघं हसली.

बाळंतपण सुखरूप झालं. मुलगी झाली. सिस्टरने तिला पुसून, गुंडाळून घारीच्या छातीवर ठेवलं आणि म्हणाली, "बघा, नाक अगदी तुमचं." घारीने पाहिलं. "हो का," ती म्हणाली. ओळखीच्या कुणी घर बदललं असं कळल्यावर आपण म्हणतो, तसं.

मग ती वाट बघत राहिली. मूल हातात आलं की आतून भरून येतं, असं तिला सगळ्यांनी सांगितलं होतं. पहिल्या दिवशी काही भरून आलं नाही, तेव्हा तिने ते थकव्यावर ढकललं. आठवड्याने टाक्यांवर ढकललं. महिन्याने वाट बघणंही सुटलं. दुःख होत होतं म्हणावं, तर तेही नाही. रडू येत नव्हतं, भीती वाटत नव्हती. दात काढायच्या आधी हिरडी बधिर करतात, मग आपलाच गाल आपण चावला तरी पत्ता लागत नाही, तसं काहीसं गळ्यापासून पोटापर्यंत झालं होतं. हेसुद्धा तिला विचार करून कळलं. जाणवलं असं नाही.

कामं मात्र ती चोख करी. पाजणं, ढेकर काढणं, दुपटी बदलणं. अंघोळीच्या पाण्यात कोपर बुडवून बघणं. बाळ रडलं की छातीत दूध उतरे, कपडे ओले होत. पान्हा फुटला की माया फुटतेच, असं तिची आई फोनवर म्हणाली होती. घारीचं दूध येत होतं, नळाला यावं तसं.

सासूबाई मदतीला येऊन राहिल्या होत्या. त्या तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. एक्स्चेंज बंद होऊन जमाना लोटला, पण आवाज अजून तोच, स्वच्छ आणि दोन खोल्या ओलांडून जाणारा. नातीला त्यांनी पहिल्याच दिवशी ठमाबाई करून टाकलं होतं. पाळण्यातून रडणं ऐकू आलं की त्या स्वयंपाकघरातून पुकारत, "ठमाबाईंचा कॉल आलाय गं, घे!" घारी उठून कॉल घेई.

भेटायला येणारे म्हणत, "किती शांत आहे हो! पहिलटकरीण वाटतच नाही."

"गुणाची आहे," सासूबाई म्हणत. "रडारड नाही, कटकट नाही. माझ्या लेकीने तर माझा जीव नको केला होता."

घारी चहाचे कप गोळा करत हे ऐके. आयुष्यभर जो साचा तिला कुठे ना कुठे टोचत आला होता, त्यात ती आता अंग न चोरता बसली होती. पूर्वी असतं तर यावर तिने एक चित्र काढलं असतं. आता तिच्या मनात एवढंच आलं की कप पाच आहेत आणि बश्या चार.

सहा आठवड्यांनी तपासणी झाली. टाके भरले होते. बाळाचं वजन उत्तम होतं. "आणि माझं चित्र?" डॉक्टरांनी हसून विचारलं. तीन महिने झाल्यावर सुरू करते, असं घारीने सांगितलं. बरोबर तीन महिन्यांनी तिने सुरू केलं.

मागची खोली तिची कामाची. टर्पेंटाइनचा वास बाळाला नको म्हणून तेलरंग तिने माळ्यावर ठेवले आणि अॅक्रिलिक काढले. पाच फूट उंच, चार फूट रुंद कॅनव्हास भिंतीला टेकवला. स्वतः बाळ घेऊन बसायचं आणि स्वतःच काढायचं हे जमणारं नव्हतं, म्हणून तिने सासूबाईंना बसवलं.

"मी? या वयात?" म्हणत सासूबाईंनी केस नीट केले. "तोंड तू तुझं घालशील ना? नाहीतर लोक म्हणतील, आजीबाईंना झालं की काय!"

"तोंड मी बदलेन. हात आणि खांदे तुमचे घेते."

त्या खिडकीजवळच्या खुर्चीत ठमाबाईला घेऊन बसल्या. मान कलती करून त्या नातीकडे बघत राहत, तिच्याशी बोलत राहत, आणि तिच्या प्रत्येक हुंकारावर त्यांचा सगळा चेहरा हलत असे. घारी ते बघून कोळशाने रेषा ओढी. हे काम तिला डाव्या हाताने जमण्यासारखं होतं. नऊ दिवसांत चित्र झालं. पिवळसर उजेड, तरुण बाई, तिच्या ओठांवर मंद हसू, आणि दुधाने तृप्त झोपलेलं मूल.

"अगं बाई!" सासूबाई दारातच थांबल्या. "किती गोड काढलंयस."

नवरा लिफ्टच्या देखभालीचं काम करी. कुठे ना कुठे लिफ्ट अडकलेली असेच. तो ग्रीसचे हात पुसत आला, चित्रासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मस्त. डॉक्टर खूश होतील."

दोघं गेल्यावर घारी एकटीच बघत बसली. एरवी चित्र फसलं की तिला पोटात कळायचं. एखादा जिना मोजून आपण उतरतो आणि शेवटची पायरी नसतेच, तसा पाय पोकळीत जायचा. या चित्रासमोर काहीच झालं नाही. हे चांगलं आहे की वाईट, ते तिला सांगता येईना. जेवणाची वेळ झाली म्हणून ती उठली.

चार दिवसांनी नवरा आपल्या बहिणीला फोनवरून बाळाचे फोटो पाठवत बसला होता. घारी शेजारी दुपटी घडी करत होती. त्याचं बोट सरसर फोटो सरकवत होतं आणि मधूनच एक फोटो गेला.

"थांब. मागचा दाखव."

"तो नाही चांगला आलेला. तू बघतच नाहीयेस त्यात."

तिने फोन हातात घेतला. फोटो दुपारी काढलेला होता, तिच्या नकळत. ती बाल्कनीच्या दारात ठमाबाईला खांद्यावर घेऊन उभी होती. बाळाने मान उचलून धरली होती, डोळे टक्क उघडे, मूठ आईच्या केसांत घट्ट रुतलेली. आणि आईचा चेहरा कॅमेऱ्याकडे वळलेला होता, पण ती कुठेच बघत नव्हती. कुणीतरी "जरा धरा हं, आलोच" म्हणून हातात सामान देऊन गेलं आहे आणि अजून परतलेलं नाही, अशी ती उभी होती.

"मला पाठव हा."

"अगं, दुसरे चांगले आहेत."

"हाच पाठव."

दुसऱ्या दिवशी सकाळी ठमाबाई झोपल्यावर घारीने कॅनव्हास खाली घेतला, बारीक पॉलिशपेपरने पिवळा उजेड घासून काढला आणि वरून करड्या रंगाचा हात मारला. ओठांवरचं हसू सगळ्यात शेवटी गेलं, तिथे रंग जाड होता. दुपारपर्यंत ते वाळलं. मग तिने फोटो समोर ठेवून खडूने नवी आकृती मांडली.

यावेळी तिला वेळ लागला. तीन आठवडे. बाळाला तिने अगदी बारकाईने काढलं. मानेची वळी, कानामागची लव, केस ओढताना पांढरी पडलेली बोटांची पेरं. ते मूल कॅनव्हासवरून उडी मारील असं दिसू लागलं. बाईचा चेहरा तिने दोनदा पुसला, कारण दोन्ही वेळा तो दुःखी झाला होता. दुःखी चेहरा सोपा असतो, आणि तो खोटा होता. तिसऱ्यांदा तिने डोळ्यांमधला तो ओला ठिपका, ज्याने डोळा जिवंत दिसतो, घातलाच नाही. तेव्हा बरोबर झालं. बरोबर झालं हे तिला कळलं, आणि कळल्यावर तिने ब्रश धुतले.

हे चित्र चालू असताना कामाच्या खोलीत तिने कुणाला येऊ दिलं नव्हतं, पण त्या दिवशी दार उघडं राहिलं. सासूबाई बाळाला घेऊन आत आल्या.

"अगं, माझं चित्र कुठंय?"

"त्याच्या खाली आहे."

"कशाच्या खाली? म्हणजे, तू पुसलंस?" त्यांचा आवाज चढला. "नऊ दिवस मी मान अवघडून बसले! आणि न विचारता, न सांगता…"

तेवढ्यात त्यांचं लक्ष नव्या चित्रातल्या चेहऱ्याकडे गेलं, आणि त्या बोलायच्या थांबल्या.

"हे बाळाच्या आईचं तोंड नाही," शेवटी त्या म्हणाल्या.

"माझंच आहे, आई."

"तू अशी दिसतेस?"

"फोटो आहे. दाखवू?"

सासूबाईंनी ठमाबाईला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "खरं सांग. हिच्याकडे बघून तुला काही होत नाही?"

घारीने मुलीकडे पाहिलं. ठमाबाई आजीच्या कानातलं ओढू बघत होती. "नाही," घारी म्हणाली. "काही होत नाही. पहिल्या दिवसापासून नाही."

चार महिन्यांत हे ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलली. बोलून हलकं वाटतं म्हणतात. तिला तसंही काही वाटलं नाही.

"असं बोलू नये," सासूबाई पुटपुटल्या. "मूल ऐकतं." आणि बाळाला घट्ट धरून बाहेर गेल्या.

त्या दिवसापासून घरात एक बदल झाला, आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. घारी बाळाला पाजायला बसली की सासूबाई तिथेच भाजी निवडायला बसत. अंघोळ आता त्याच घालत. कुठलंही दार त्या पूर्ण लावू देत नसत. एकदा घारी बाळाला घेऊन बाल्कनीत गेली, तर सासूबाई हातातलं लाटणं घेऊनच मागोमाग आल्या आणि उगाच कुंड्यांकडे बघत उभ्या राहिल्या. आपल्यावर पहारा बसला आहे, हे घारीच्या ध्यानात आलं. राग यायला हवा होता. तिने एवढंच केलं, की बाल्कनीत जाणं सोडलं.

एका रविवारी नवरा शेजारी येऊन बसला. आईने त्याला काहीतरी सांगितलं होतं.

"तू दमली आहेस," तो म्हणाला. "हो ना?"

"असेन."

"चार दिवस तुझ्या आईकडे जाऊन येतेस?"

"तिथे जाऊन काय करू?"

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली तर काय करायचं हे त्याला पाठ होतं. आधी आतल्या माणसाशी बोलत राहायचं, म्हणजे ते घाबरत नाही. इथे आतलं माणूस घाबरलेलंच नव्हतं. तो तिचा हात हातात घेऊन बराच वेळ बसला. हात गरम होता, एवढं तिला कळलं.

चित्र पोचवायच्या दिवशी त्याने कंपनीचा टेम्पो मागून आणला. दोघांनी चित्र चादरीत गुंडाळून बांधलं.

"मी पण येते," सासूबाई म्हणाल्या. त्या बाळाला तयार करून, स्वतः बाहेरचे कपडे घालून दारात उभ्या होत्या.

"आई, तुम्ही कशाला? गर्दी असते तिथे."

"येते म्हटलं ना."

नवी वेटिंग रूम झाली होती. भिंतींना ताजा रंग, ओळीने खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याचं यंत्र. दहाबारा बायका बसल्या होत्या. काहींचे पाय सुजलेले, काहींच्या मांडीवर फायली, एका मुलीच्या शेजारी तिची आई आणि दुसऱ्या बाजूला सासू, आणि दोघी दोन दिशांना बघत. डॉक्टर उत्साहाने बाहेर आल्या. हेडसिस्टर त्यांच्या मागे. नवऱ्याने गाठी सोडल्या, चादर उतरवली आणि चित्र भिंतीला टेकवून बाजूला झाला.

खुर्च्यांवरचं बोलणं हळूहळू थांबलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बाळ अप्रतिम आहे," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "पण हे मला इथे लावता येणार नाही गं. तू समजून घे. इथे पहिलटकरणी बसतात. त्या घाबरतील. मी तुला म्हटलं होतं, बघून बरं वाटलं पाहिजे."

"बरं," घारी म्हणाली आणि चादर उचलायला वाकली.

"तुला वाईट वाटलं का?"

"नाही."

हे ऐकलं आणि सासूबाई उठल्या. ठमाबाई त्यांच्या कडेवर होती. त्या दोन पावलं पुढे आल्या आणि त्यांच्या त्या आवाजात, सबंध खोलीला ऐकू जाईल असं बोलल्या, "डॉक्टर, चित्राचं राहू द्या. लावा नाहीतर नका लावू. पण हिच्याकडे बघा. हिला वाईट वाटत नाही. हिला काहीच वाटत नाही. चार महिने घरात आहे मी, आणि मला वाटलं, सून शहाणी आहे. मला कळलं नाही. तुम्ही तर शिकलेल्या आहात."

"आई," नवरा हळूच म्हणाला.

"तू गप्प बस. तुलाही कळलं नाही."

डॉक्टरांनी चित्राकडे पाहिलं, मग घारीकडे. पुन्हा चित्राकडे. "ही तू आहेस," त्या म्हणाल्या.

"हो."

"आत ये."

आत डॉक्टरांनी खणातून एक छापील कागद काढला. त्यावर दहा प्रश्न होते. गेल्या आठवड्यात हसू आलं का. कशाची आतुरतेने वाट पाहिली का. असेच. घारीने परीक्षेतल्यासारखे सगळे नीट वाचले आणि खुणा केल्या. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करून घ्यायचे विचार येतात का, असा होता. "येत नाहीत," ती म्हणाली, "पण समोरून गाडी आली तर मी बाजूला होईनच, असंही सांगता येत नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"सहा आठवड्यांनी तू माझ्याकडे आली होतीस. मी टाके बघितले. बाळाचं वजन बघितलं. चित्राचं विचारलं. तुझ्या तोंडाकडे बघितलं नाही." त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. "हा आजार आहे. बऱ्याच जणींना होतो. काही रडतात, त्यांचं लगेच कळतं. तुझ्यासारख्या सगळं वेळच्या वेळी करतात, त्यांचं कळत नाही. औषध आहे. वेळ लागेल. माझ्या ओळखीच्या मानसोपचाराच्या डॉक्टर आहेत, त्यांना मी आत्ताच फोन लावते. उद्या जायचं. एकटीने नाही."

"दूध चालू राहील?"

"चालेल अशीच गोळी देतील. आणि नाही चाललं, तर बाटलीने पाजू. तू आधी."

'तू आधी' असं तिला बऱ्याच दिवसांत कुणी म्हटलं नव्हतं. तिने मान हलवली.

चित्र परत न्यायचं म्हणून ती बाहेर आली, तर हेडसिस्टर त्याच्यासमोर कंबरेवर हात ठेवून उभी होती. ही बाई फारशी बोलत नसे. "डॉक्टर," ती म्हणाली, "इथे नको हे खरं. पण आतल्या तपासणीच्या खोलीत लावू की. सहा आठवड्यांनी येतात त्यांच्या. तिथल्या भिंतीवर नुसतं लसीचं वेळापत्रक आहे."

आणि तसंच झालं. वेटिंग रूमच्या भिंतीवर पुढे फुलांनी भरलेल्या माळरानाचा मोठा फोटो लागला, आणि तो बघून कुणाला काही वाटल्याचं ऐकिवात नाही.

गोळ्या सुरू झाल्या. पहिले तीन आठवडे घारीला फक्त तोंड कोरडं पडल्याचं कळलं. मानसोपचाराच्या डॉक्टर थोडंच बोलत. दर मंगळवारी नवरा तिला घेऊन जाई आणि बाहेरच्या बाकावर बसून राही. एकदा त्याचं काम निघालं, तर त्याने आपल्या जोडीदाराला लिफ्टकडे पाठवलं आणि स्वतः बाकावरच बसला. घरी सासूबाईंचा पहारा आता उघड झाला होता, आणि गंमत म्हणजे त्यामुळे तो सुसह्य झाला. "मी बसतेय इथे," त्या सरळ सांगत. "डॉक्टरांनी सांगितलंय. तुला आवडो न आवडो."

पाचव्या का सहाव्या आठवड्यात त्या ठमाबाईला लस द्यायला घेऊन गेल्या. परत आल्या त्या चपला काढायच्या आधीच बोलू लागल्या.

"तुझ्या चित्रासमोर एक मुलगी उभी होती. लहानच गं, वीस-बावीसची. तिचं बाळ सिस्टरकडे होतं. ही आपली बघतेय, बघतेय. मग मला विचारते, 'ही बाई कोण?' म्हटलं, 'माझी सून.' तर म्हणते, 'तिला आता कसं आहे?'"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, औषध चालू आहे. खरं तेच सांगितलं." सासूबाई खुर्चीत टेकल्या. "मग ती सिस्टरपाशी गेली आणि काहीतरी बोलत बसली. बराच वेळ. मी काही ऐकलं नाही हं. दार लावलं त्यांनी."

घारी ऐकत होती. त्या मुलीचा चेहरा कसा असेल, असा विचार तिच्या डोक्यात आला आणि जेवण होईपर्यंत तिथेच घोटाळत राहिला. बऱ्याच दिवसांनी कसला तरी विचार असा रेंगाळला होता.

बाळाला सातवा महिना लागला, त्या सुमारास एका दुपारी घारी कामाच्या खोलीत गेली. काही काढायचं होतं असं नाही, आवरायचं होतं. ब्रशांच्या बरणीत तिचा बारीक ब्रश दिसेना. हा ब्रश तिने अकरा वर्षं जिवापाड जपला होता, पापण्या आणि नखं त्यानेच काढायची. तो स्वयंपाकघरात सापडला. सासूबाई त्याने दुधाच्या बाटलीचं बूच घासत होत्या. केस फिसकटून चहूबाजूंना झाले होते.

"आई!" घारी ओरडली. "काय करताय हे? कुणी सांगितलं तुम्हाला त्याला हात लावायला? एक वस्तू माझी म्हणून राहू देत नाही या घरात! एक!"

सासूबाईंच्या हातातलं बूच खाली पडून घरंगळत गेलं. चटईवर बसलेली ठमाबाई दचकली. तिचा खालचा ओठ बाहेर आला, थरथरला आणि तिने भोकाड पसरलं.

"चिडलीस?" सासूबाईंनी विचारलं.

"चिडू नको तर काय करू? आरती ओवाळू तुमची?"

"चिडली," सासूबाई स्वतःशीच म्हणाल्या. मग ओल्या हाताने त्यांनी डोळे पुसले, त्यामुळे चेहऱ्याला साबण लागला. "चीड गं बाई. चीड. आणखी काय काय चुकलंय माझं, तेही सांगून टाक."

घारीने त्यांच्याकडे पाहिलं, पण तोवर ठमाबाईचा श्वास अडकायला लागला होता. तिने वाकून मुलीला उचललं. छोटीशी छाती तिच्या छातीवर धडधडत होती, भीतीने, आणि ती भीती आपल्या ओरडण्याची आहे, हे घारीला कळलं. कळलं आणि घशाशी काहीतरी दाटून आलं. ते वाईट वाटणं होतं. माया म्हणावी असं नसेल ते, तिलाही तसा दावा करायचा नव्हता. पण ती त्या इवल्या पाठीवरून हात फिरवत पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "तुला नाही गं ओरडले. तुला नाही."

मुलगी शांत व्हायला दहा मिनिटं लागली. झोपली तरी घारीने तिला लगेच खाली ठेवलं नाही.

मंगळवारी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिने सांगितलं, "राग येतो. दोनदा आला. आणि एकदा वाईट वाटलं." डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि गोळी तीच चालू ठेवली.

त्या दिवशी घरी येऊन तिघं जेवायला बसली. घारीने पहिला घास घेतला आणि थांबली.

"मीठ जास्त झालंय," ती म्हणाली.

"झालं, लागली लगेच उणीदुणी काढायला," सासूबाई म्हणाल्या आणि पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.